एकाच बियाण्याचा साग, तीन तऱ्हांचे लाकूड : काटोल तालुक्यातील एका लागवडीचे प्रकरण

२०२३ च्या जानेवारी महिन्यात नागपूरच्या लकडगंज भागातील एका आरागिरणीच्या आवारात काटोल तालुक्यातील एका संत्रा बागायतदाराच्या सागाचे ओंडके तीन वेगळ्या ढिगांत रचले होते आणि व्यापाऱ्याने तिन्ही ढिगांना तीन वेगळे भाव सांगितले होते. लागवड एकाच मालकाची, एकाच वर्षाची आणि एकाच रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांची असल्यामुळे बागायतदाराला हा प्रकार सरळ अडवणुकीचा वाटला. त्याचा राग विशेषतः एका गोष्टीवर होता. सर्वांत जाड ओंडक्यांच्या ढिगाला सर्वांत चांगला भाव मिळाला नव्हता. "काकाजी, झाड जाडजूड आहे, पण आत माल नाही," असे व्यापाऱ्याचे म्हणणे. मला तेथे बोलावले गेले ते या वादात तिऱ्हाइताने माल पाहावा म्हणून. भाव ठरवण्याचा अधिकार मला नव्हता आणि मी तो घेतलाही नाही. मात्र त्या निमित्ताने ओंडके चिरताना पाहता आले, प्रत्येक ढिगातील काही ओंडक्यांच्या चकत्या घरी आणून वर्तुळे मोजता आली आणि नंतर दोनदा शेतावर जाऊन खड्डे खणून जमीनही पाहता आली. त्यातून जे दिसले ते येथे मांडतो.

लागवड १९९८ च्या पावसाळ्याच्या तोंडावर झाली होती. तो काळ सागाच्या स्वप्नांचा होता. एकरी हजार झाडे, वीस वर्षांनी प्रत्येक झाडाचे इतके हजार, असा गुणाकार छापलेली पत्रके गावोगाव फिरत होती आणि वृक्षलागवडीच्या नावाने लोकांकडून ठेवी गोळा करणाऱ्या योजनांना आवर घालण्यासाठी सेबीला १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आणावे लागले. या बागायतदाराने कोणत्याही योजनेत पैसे गुंतवले नाहीत. स्वतःच्या शेतात स्वतःच्या खर्चाने साग लावला. परंतु गुणाकार त्याच पत्रकातला घेतला आणि तो पुढे चोवीस वर्षे त्याच्या मनातून गेला नाही. २ मीटर बाय २ मीटर अंतराने एकरात साधारण हजार झाडे बसतात हे बरोबर आहे. ती हजारच्या हजार शेवटपर्यंत ठेवायची नसतात, हे पत्रकात लिहिलेले नव्हते.

रोपे म्हणजे स्टंप. एक वर्षाच्या रोपाचे खोड बोटभर ठेवून वरचा भाग छाटतात, मूळही तोडून वीतभर ठेवतात आणि अंगठ्याएवढ्या जाडीचा तो तुकडा पहारीने केलेल्या भोकात दाबून लावतात. विदर्भात साग लावण्याची ही जुनीच रीत आहे. एकाच ढिगातले स्टंप तीन ठिकाणी गेले. शेत उताराचे आहे. माथ्यावर सुमारे एक एकर बरड जमीन, जिच्यात वीत-दीड वीत मातीखाली कठीण मुरूम लागतो. मधल्या टप्प्यावर मध्यम खोलीची, खाली मऊ मुरूम असलेली जमीन. आणि तळाशी, संत्र्याच्या बागेला लागून, पुरुषभर खोल काळी भारी जमीन. काटोल आणि कळमेश्वरकडचा हा भाग बेसाल्ट खडकाचा असल्याने एका शेतात अशा तीन जमिनी सापडणे येथे नवलाचे नाही. माथ्यावरची माती पावसाने धुपून तळाशी साचत राहते, एवढेच त्याचे कारण.

साग हा मूळचा याच हवेचा. नागपूर परिसरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून थोडा अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. साग हिवाळा सरता सरता पाने टाकतो आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत उघडा उभा राहतो. ही विश्रांती लाकडाच्या घडणीत स्पष्ट उमटते. पालवीच्या वेळी खोडात मोठ्या छिद्रांच्या वाहिन्यांचा पट्टा तयार होतो, नंतर पावसाळ्यात दाट, बारीक छिद्रांचे लाकूड भरते आणि वाढ थांबली की वर्तुळ पुरे होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांना सागाच्या वर्तुळांवरून जुन्या पावसाचा माग काढता आला तो याच गुणामुळे. आमच्या चकत्यांवरही चोवीस वर्षांचा हिशेब नखाने मोजता येईल इतका स्वच्छ होता. अपवाद तळच्या पट्टीचा, आणि तो पुढे येईल.

मधली पट्टी

सर्वांत चांगला भाव मधल्या पट्टीच्या मालाला मिळाला, म्हणून प्रथम तिच्याविषयी. ओंडके सरळ, गोल, जवळजवळ गाठीविना. लागवड दाट असल्याने झाडे उजेडासाठी वर धावली, खालच्या फांद्या सावलीत वाळून लवकर गळल्या आणि त्यांच्या खुणा गाभ्यात खोल गाडल्या गेल्या. जमिनीत पाणी मुरते, पण थांबत नाही. मऊ मुरमात मुळे चार-पाच फूट खाली गेलेली खड्ड्यात दिसली. सागाला जमिनीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर लागतो आणि बेसाल्टपासून बनलेल्या जमिनीत तो असतो. पहिले दोन उन्हाळे सोडले तर या पट्टीला कधी पाणी दिले गेले नव्हते. थोडक्यात, जागा सागासाठी उत्तम होती.

असे असूनही चोवीस वर्षांत घेर ८० ते ९० सेंटिमीटरच्या पुढे फारसा गेला नव्हता आणि तो का गेला नाही हे चकतीवर लिहिलेले होते. पहिल्या सहा वर्षांची वर्तुळे रुंद आहेत. सातव्या वर्षापासून ती एकाएकी आवळतात आणि पुढची पाच-सहा वर्षे कागदाच्या थप्पीसारखी एकमेकांना चिकटून येतात. मग पुन्हा थोडी मोकळी होतात. हा दुष्काळ नव्हे, कारण बरडावरच्या चकत्यांत त्याच वर्षांत असे आवळणे दिसत नाही. हा दाटीचा परिणाम आहे. २ मीटर अंतरावरच्या झाडांचे शेंडे पाचव्या-सहाव्या वर्षी एकमेकांना भिडतात. त्या वेळी एक आड एक तिरकी ओळ काढून निम्मी झाडे कमी करावी लागतात आणि पुढे दहाव्या वर्षाच्या सुमारास पुन्हा एकदा विरळणी करावी लागते. येथे ती केली गेली नाही. हजार गुणिले अमुक हा हिशेब डोक्यात असलेल्या माणसाला पाचव्या वर्षी पाचशे झाडे तोडायला सांगणे म्हणजे त्याचा अर्धा पैसा चुलीत घालायला सांगण्यासारखे वाटते, हे मला समजते. परंतु शेवटच्या तोडीपर्यंत एकरी शंभराच्या आसपास झाडेच नीट पोसली जातात.

बाराव्या-तेराव्या वर्षी वर्तुळे मोकळी झाली, त्याचे कारण विचारल्यावर मिळाले. गोठा आणि शेतघराचे छत बांधताना या पट्टीतून शे-दीडशे बल्ल्या काढल्या गेल्या होत्या. म्हणजे विरळणी झाली, पण उलटी. छतासाठी सरळ बल्ली लागते, म्हणून सर्वांत सरळ झाडे निवडून कापली गेली आणि वाकडी, दबलेली, दुबेळक्याची झाडेही उभी राहिली. जी झाडे राखायची ती गेली आणि जी काढायची ती पोसली. या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोठे नुकसान माझ्या मते हे आहे आणि गंमत अशी की ते व्यापाऱ्याच्या आवारात कोठेच दिसत नव्हते, कारण तोडलेल्या झाडांचा ढीग तेथे नव्हताच.

घेराला इतके महत्त्व का, हे साध्या गणिताने कळते. आपल्याकडे गोल लाकूड चौथाई घेराच्या सूत्राने मोजतात: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. दोन फूट घेराचा दहा फुटी ओंडका अडीच घनफूट भरतो. तीन फूट घेराचा तेवढ्याच लांबीचा ओंडका साडेपाच घनफुटांच्या वर जातो. घेर दीडपट, माल सव्वादोनपट. त्यात पांढऱ्या कडेचा हिशेब मिळवला तर अंतर आणखी वाढते. सागाच्या खोडाचा बाहेरचा फिकट भाग, ज्याला शास्त्रात रसकाष्ठ म्हणतात, वाळवीला आणि भुंग्याला सहज बळी पडतो. टिकतो तो आतला तपकिरी गाभा. साल सोडून कड ३ सेंटिमीटर धरली तर ६० सेंटिमीटर घेराच्या ओंडक्यात छेदाचा निम्म्याहून थोडा कमी भाग गाभा असतो. ९० सेंटिमीटरच्या ओंडक्यात तोच जवळजवळ दोन-तृतीयांशाला पोचतो. विरळणी चुकवून मालकाने घनफूट तर गमावलेच, शिवाय प्रत्येक घनफुटातला गाभाही गमावला.

तळची पट्टी आणि तिचा रंग

वाद तळच्या पट्टीचा होता. तेथील ओंडके मीटरभर आणि त्याहून अधिक घेराचे होते. एवढी जाडी आली कशी? काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी भरते. तिच्यातील चिकणमाती भिजली की फुगते, हवा कोंडली जाते आणि सागाची मुळे गुदमरतात. उन्हाळ्यात हीच माती आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यांत बारीक मुळे तुटतात. काटोलच्या संत्रा बागायतदाराला हे सांगावे लागत नाही. अशाच जमिनीत त्याच्या संत्र्याला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागतो. तळच्या पट्टीतील सखल कोपऱ्यात पहिल्या पाच-सात वर्षांत बरीच झाडे मेली. जी उरली, त्यांना आपोआप भरपूर जागा, भरपूर उजेड आणि शेजारच्या संत्र्याचे पाणी व खत मिळाले. बांधालगतच्या ओळी तर बागेच्या ठिबकच्या ओलीवरच वाढल्या. म्हणजे जाडी आली ती जमीन चांगली म्हणून नव्हे, तर शेजारी मेल्यामुळे मोकळीक मिळाली म्हणून.

त्या मोकळिकीची किंमत ओंडक्याच्या आकारात मोजावी लागली. उजेड चहूबाजूंनी असल्याने फांद्या खालपासून राहिल्या आणि मनगटाएवढ्या जाड झाल्या. चिरल्यावर प्रत्येक दोन-तीन फुटांवर गाठ. काही फांद्या मालकाने कुऱ्हाडीने छाटल्या होत्या, पण खुंट ठेवून. ते खुंट कुजले आणि कुज गाभ्यात उतरली. बुंध्याशी खोल पन्हळी पडल्या होत्या. सागात ही सवय असतेच, पण येथे ती माणसाच्या छातीपर्यंत चढलेली दिसली आणि चौरस फळी काढताना त्या पन्हळींमधला सगळा माल भुशात गेला. ओल्या जमिनीत पकड सैल असल्याने अनेक झाडे वादळात कलली होती. कललेले झाड स्वतःला सावरण्यासाठी वरच्या अंगाला निराळ्या घडणीचे, ताणाचे लाकूड घालते. त्याची फळी वाळताना कमान धरते. बँडसॉवर पाते मध्येच चिमटले जाऊ लागले, तेव्हा मिस्त्रीने शिवी हासडून तो ओंडका बाजूला ठेवला. तीन ढिगांपैकी असे वारंवार घडले ते याच ढिगात.

आता "आत माल नाही" या वाक्याकडे येतो. ते अर्धेच खरे होते. गाभ्याचा व्यास तिन्ही ढिगांत येथेच सर्वांत मोठा होता. व्यापाऱ्याला ते माहीत नसेल असे मला वाटत नाही. खरे असलेला अर्धा भाग रंगाचा. गाभा फिकट, पिवळसर, एकसुरी. वर्तुळांच्या सीमा पुसट, काही ठिकाणी एका वर्षात दोन आवळणी असल्याचा भास. सागाला लागणारी कोरडी विश्रांती येथे अर्धवटच मिळाली होती. संत्र्याच्या बागेला बहारासाठी ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी तोडतात, आणि तो तुटला की फूट भलतीकडे जाते, हे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यानेच शेजारच्या सागाला बारमाही ओल दिली, याचे मला आश्चर्य वाटले आणि ते मी बोलूनही दाखवले. मालकाचे उत्तर असे की, सागाला पाणी दिले नव्हते, ते झिरपून गेले. दोन्ही गोष्टींचा परिणाम एकच.

फिकट रंग म्हणजे कमी टिकाऊपणा असा सरसकट नियम मात्र करू नये. सागाला वाळवीपासून वाचवतात ती गाभ्यात साठणारी द्रव्ये, ज्यांत टेक्टोक्विनोन प्रमुख आहे, आणि ती झाडाच्या वयाबरोबर वाढत जातात. चोवीस वर्षांच्या झाडात, मग ते कोणत्याही पट्टीतले असो, खोडाचा बराच भाग बाल्यावस्थेतल्या लाकडाचा असतो. शासकीय जंगलातील ५० ते ८० वर्षांच्या आवर्तनाच्या, म्हणजे तेवढी वर्षे वाढवून मगच तोडलेल्या, बल्लारशाच्या आगारात लिलावाला येणाऱ्या सागाशी त्याची तुलना करणे हे मुळात अन्यायाचे आहे. केरळातील ओल्या परसबागांतील सागाचा गाभा कोरड्या जागेच्या सागापेक्षा फिकट आणि कुजीपुढे कमी टिकणारा आढळला आहे, म्हणून व्यापाऱ्याची शंका निराधार नव्हती. परंतु त्याने रंगासाठी जितके कापले त्यातले बरेचसे खरे तर गाठी, पन्हळी आणि कमान यांसाठी कापायला हवे होते. मी त्याला तसे सांगितले. भाव थोडा वाढला, कारण तक्रारीचे नाव बदलल्यावर सरळ, गाठीविरहित असे काही ओंडके त्या ढिगातून वेगळे निघाले.

येथे एक लोकप्रिय समज बाजूला ठेवायला हवा. भराभर वाढलेला साग नरम, हळू वाढलेला कठीण, असे लकडगंजपासून चंद्रपूरपर्यंत सगळेच म्हणतात. देवदार किंवा चीड यांसारख्या सूचिपर्णी झाडांबाबत त्यात पुष्कळ तथ्य आहे. सागाची घडण वेगळी आहे. त्याच्या प्रत्येक वर्तुळात मोठ्या छिद्रांचा पट्टा जवळजवळ ठरलेल्या रुंदीचा असतो. वर्तुळ रुंद झाले तर वाढतो तो बहुतेक दाट लाकडाचा हिस्सा. अतिशय अरुंद वर्तुळांच्या सागात छिद्रांचे पट्टेच पट्टे येतात आणि ते लाकूड उलट हलके भरू शकते. मधल्या पट्टीच्या चकतीत सातव्या ते बाराव्या वर्षांचा आवळलेला भाग भिंगाखाली अगदी असाच, चाळणीसारखा दिसत होता. त्यामुळे विरळणी करून वाढ वेगवान ठेवल्याने लाकूड बिघडेल ही भीती सागाच्या शेतकऱ्याने बाळगण्याचे कारण नाही. वेग कशाने आला, हे पाहावे: योग्य जमिनीत योग्य जागा दिल्याने, की विश्रांती हिरावून घेतल्याने.

बरड

माथ्यावरच्या ढिगात माल थोडा, पण देखणा. गाभा गडद तपकिरी, त्यात काळ्या रेषा. व्यापाऱ्याचा हात त्यावरून दोनदा फिरला. घेर मात्र दीड-पावणेदोन फुटांचा आणि सरळ लांबी चार-पाच फुटांपलीकडे क्वचितच. सागाचा फुलोरा शेंड्यावर येतो. शेंडा फुलात संपला की त्याच्या खालचे दोन डोळे फुटतात आणि झाड तेथे दुबेळके होते. बरडावरची झाडे उंची गाठण्याआधीच फुलावर आली आणि दोन पुरुष उंचीवर त्यांची बेचकी झाली. शिवाय शेजारच्या गवताळ पडीतून उन्हाळ्यात दोनदा वणवा आत शिरला होता. बुंध्याच्या एका अंगाची साल भाजली, जखम वरून भरून आली, पण आत पोकळी राहिली. चिरल्याशिवाय ती कळली नाही. हा माल शेवटी स्टुलाचे पाय, पाटाच्या पट्ट्या अशा आखूड कामांसाठी गेला.

हे प्रकरण प्रयोग नाही, हे नोंदवले पाहिजे. तीन पट्ट्यांत जमीन, पाणी, उजेड, खत आणि माणसाचे हात अशा पाच गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या आणि कोणत्या दोषाचा किती वाटा कोणाचा हे चकत्यांवरून काटेकोर सांगता येत नाही. विशेषतः तळच्या पट्टीतील फिकटपणा पाण्याचा की भारी जमिनीचा, हे मी सांगू शकत नाही. मधल्या पट्टीतील दाटीविषयी मात्र मला शंका नाही, कारण तेथे वर्तुळांची वर्षे आणि बल्ल्या तोडल्याचे वर्ष तंतोतंत जुळतात.

तोडीची परवानगी, सातबाऱ्यावरची झाडांची नोंद, वाहतूक परवाना या मालकी प्रकरणाच्या, म्हणजे खासगी जमिनीवरील झाडे तोडण्याच्या कागदपत्रांच्या, पायऱ्यांत वर्षभर गेले. त्याचा लाकडाच्या प्रतीशी संबंध नाही, म्हणून त्याविषयी येथे लिहीत नाही. एवढेच नोंदवतो की त्या वर्षभरात मालकाने तिन्ही पट्ट्यांच्या सर्व झाडांसाठी अर्ज केला होता आणि परवानगी हाती आली म्हणून सगळी झाडे एकदम तोडली. मधल्या पट्टीतील चांगली ऐंशी-नव्वद झाडे आणखी पंधरा वर्षे उभी ठेवता आली असती.

मात्र सागाचा बुंधा तोडल्यावर मरत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात मधल्या पट्टीतील बहुतेक खुंट फुटले, एकेका खुंटावर पाच-सहा फुटवे आले. मी पुन्हा गेलो तेव्हा मालकाच्या मुलाने प्रत्येक खुंटावर जमिनीलगतचा एकच जोमदार फुटवा राखून बाकीचे काढले होते, आणि एक आड एक खुंट मुळातच पुसून टाकला होता. तळच्या पट्टीतील खुंट पोकलेनने उपटून तेथे नाल्यापर्यंत चर खोदला होता आणि तूर पेरली होती. बरडावर त्याने काही लावले नव्हते. पडीच्या बाजूने वणवा अडवणारी दहा फुटांची जाळरेषा तेवढी साफ करून ठेवली होती.